फुकटचा वारा

काही बायकांना नवऱ्याची चाहूल पावलांवरून कळते, काहींना लेकराचं दुखणं खोकल्यावरून. हवावालीला गळती कळायची. कुठंही जावो, तिचे कान टवकारलेलेच. बसमध्ये चढली की दाराच्या नळीतून हवा कुठं सुटतेय ते शोधणार. पाहुण्यांकडं गेली आणि त्यांच्या कुकरची रिंग सैल असली, तर बसायच्या आधी घरच्या बाईला म्हणणार, "तुमची वाफ चाललीय." नणंद म्हणायची, "हिच्यासमोर माणसानं उसासासुद्धा टाकू नये. चिकटपट्टी घेऊन धावून येईल."

नाव तिला होतं, पण कारखान्यात ते कुणाला आठवत नव्हतं. हवावाली म्हणजे हवावाली. कारखाना टॉवेलचा. तिथल्या मागांना जुन्या मागांसारखा इकडून तिकडं पळणारा धोटा नाही. आडवा धागा हवेच्या झोतानं फुंकायचा, की तो सरळ पलीकडच्या काठाला. ही फुंकायची हवा मागच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्रेसर दाबून तयार करायचा, आणि नळ्यांतून ती सगळ्या मागांना पोचायची. त्या खोलीची राखण हवावालीकडं. आधी ती मागावरच होती. पण मागापेक्षा तिचं लक्ष नळ्यांकडं जास्त असतं हे बघून जुन्या मिस्त्रीनं तिला मागच्या खोलीत ओढली, आणि तो गेल्यावर खोली तिचीच झाली.

तिथला जुना कॉम्प्रेसर म्हणजे रेडा. नाव त्या मिस्त्रीनंच ठेवलेलं, आणि शोभणारं. माग चालू असोत की बंद, हा आपला एकाच दमात डुरकणार. जेवणाची सुट्टी झाली, माग गप्प झाले, हवा घ्यायला कुणी उरलं नाही, तरी हा दाबतोय. मग जास्तीची हवा वरच्या नळीतून भस्सकन आभाळात, आणि पुन्हा नवी दाबायला सुरुवात. रिकाम्या घाण्याला जुंपलेल्या जनावरासारखं ते फिरणं बघून हवावालीचा जीव तुटायचा. मालकाच्या विजेसाठी नव्हे. तिच्या घराच्या गच्चीवरून गावाबाहेरच्या वीजघराची चिमणी दिसायची. कोळसा जळायचा तिथं. दोरीवर टाकलेल्या चादरीवर काळे ठिपके पडायचे, आणि ती चादर झटकता झटकता नवऱ्याला म्हणायची, "बघ, डुरकतोय आमचा रेडा आणि धूर निघतोय तिकडनं. मधे फक्त तार."

नवरा टेम्पो चालवायचा. तो म्हणायचा, "माझ्या टेम्पोचाही निघतो. जेवायला वाढ."

वर्षानुवर्षं ती हेच बोलत होती आणि वर्षानुवर्षं कुणी ऐकत नव्हतं. मॅनेजरला तर सगळे बघूयासाहेब म्हणायचे, कारण कुठल्याही मागणीवर त्याचं उत्तर ठरलेलं. संडासाची कडी मोडली? बघूया. पिण्याचं पाणी गरम येतं? बघूया. बघून बघून त्या माणसाचे डोळे कसे दुखत नव्हते कोण जाणे.

आणि एके दिवशी चमत्कार झाला. टॉवेल घेणाऱ्या बड्या गिऱ्हाइकाचा निरोप आला: तुमच्या टॉवेलापायी किती धूर हवेत जातो ते सांगा, आणि कमी करून दाखवा. उन्हाळे दरवर्षी तापत चाललेत, त्याला हाच धूर कारण, आमचे लोक दुकानात येऊन विचारतात. मालकाची पळापळ झाली. बघूयासाहेबाला अचानक आठवलं, की मागच्या खोलीतली ती बाई असलंच काहीतरी बडबडत असते. हवावालीला केबिनमध्ये खुर्ची मिळाली. ती म्हणाली, "रेडा काढा. आता असे कॉम्प्रेसर येतात की मागाला हवा लागेल तेवढीच दाबतात. गरज कमी, तर फिरणं कमी. गरज नाही, तर जवळजवळ झोपतात."

मालक कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं कॉम्प्रेसर आणला, पण बोलीवर. उन्हाळा संपेपर्यंत विजेचं मीटर खाली आलं तर ठेवायचा, नाहीतर ज्यानं विकला त्यानं परत न्यायचा. तोवर रेडा ताडपत्री पांघरून कोपऱ्यात उभा.

नवा कॉम्प्रेसर दिसायला नीटस, आवाजाला हळू. मागावरच्या बायकांनी लगेच नाव ठेवलं, सूनबाई. कमी खाते, हळू बोलते, आणि नांदली तर नांदली, नाहीतर माहेरी. हवावालीच्या नणंदेनं वर पुस्ती जोडली, "आणि सासू कोण, तर आमची भावजय. बिचारीचं कठीण आहे."

ही नणंद नवऱ्याहून थोरली. तिचा संसार जुळलाच नाही आणि तिनं कधी त्याचं रडगाणंही गायलं नाही. भावाच्या घरात तिचा शब्द चालायचा आणि ती काम करायची त्या मागांच्या खात्यातही. हवावाली तिला वन्सं म्हणायची. बाकी सगळं खातंही मग वन्संच म्हणायला लागलं, आपली ती कोण लागते याचा विचार न करता.

तर सूनबाई आली, आणि हवावालीचे डोळे मीटरला चिकटले. पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. माग थांबले. आता सूनबाईचा आवाज उतरेल म्हणून ही कान लावून बसली. आवाज थोडा उतरला आणि मधेच अडकला. सुट्टी संपली तरी सूनबाई धापा टाकतच होती. दुसऱ्या दिवशी तेच. मीटर रेड्याच्या काळात जिथं होतं, जवळपास तिथंच.

विकणाऱ्यांचा माणूस आला. त्यानं यंत्र उघडलं, बंद केलं, हात पुसले. "यंत्राला काही झालेलं नाही बाई. जेवणाच्या सुट्टीतही तुमच्याकडं कुणीतरी हवा खातंय. तुमच्या नळ्या आहेत की चाळण?"

हवावालीनं मान खाली घातली. कारण ती चाळण कशी झाली, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मागांच्या खात्याला खिडक्या नाहीत. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हॉल बंद, वरून पाण्याचा फवारा, खालून मागांची धग. उन्हाळ्यात आत गेलं की ओल्या गोधडीत गुंडाळल्यासारखं व्हायचं. अंगावर सुताची लव बसायची आणि घामानं तिथंच चिकटायची. यावर खात्यानं फार जुना उपाय काढला होता. प्रत्येक मागावर छतातून हवेची रबरी नळी लोंबायची. तिला दाभणानं बारीक भोक पाडायचं, नेमकं आपल्या मानेवर झोत येईल असं. या भोकाला म्हणायचं खिडकी. नवीन बाई कामाला आली की शेजारच्या मागावरची तिची खिडकी पाडून द्यायची, हा तिथला शिरस्ता. त्याशिवाय ती बाई खात्यातली झाली असं कुणी मानत नसे. काम सोडून जाणारी जाताना पुढचीला सांगायची, "माझी खिडकी जरा डाव्या अंगाला आहे, उंच असशील तर वाकावं लागेल."

हवावाली लग्न होऊन आली आणि मागावर लागली, तेव्हा तिची खिडकी वन्संनीच पाडली होती. केसांच्या अंबाड्यात खोचलेलं दाभण काढलं, नळीत खुपसलं, आणि म्हणाल्या, "हं, मान पुढं कर." थंड वाऱ्याची सळई मानेवर लागली, तेव्हा सासरी आल्यापासून पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं.

आता त्या सगळ्या खिडक्या मिळून सूनबाईला झोपू देत नव्हत्या. भोकं बारीक, पण जेवताना, गप्पा मारताना, कुणी मागावर नसताना, ती चालूच. सगळ्यांना वाटायचं, वाराच तो, वाऱ्याला काय मोल. दाबलेला वारा म्हणजे जाळलेला कोळसा, हे हवावालीनं सांगून बघितलं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले होते, तेव्हा ती मधे उभी राहिली आणि बोलली. चिमणीचं बोलली, धुराचं बोलली, वाढत्या उन्हाचं बोलली.

वन्सं घास चावत शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी मानेवर वारा घेते म्हणून ऊन वाढतं?"

"तुमच्या एकटीमुळं नाही वन्सं, पण..."

"उद्या म्हणशील, मी नाक शिंकरते म्हणून पूर येतो."

सगळं खातं खदखदून हसलं. एकीला ठसका लागला. हवावालीही हसली, कारण न हसून सांगते कुणाला.

मग तिनं सांगणं सोडलं आणि करायला घेतलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असताना ती शिडी, साबणाचं पाणी आणि चिकटपट्टी घेऊन एकटी हॉलमध्ये गेली. नळीवर साबणाचं पाणी फासायचं, बुडबुडा आला की पट्टी गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सूनबाईचा आवाज उतरत उतरत असा खाली गेला, की हवावालीला भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणं ऐकू आलं. तिला नाचावंसं वाटलं. डबा उघडायचं विसरून ती नुसती बसून राहिली.

दुपार कलली तसा आवाज पुन्हा चढला. हॉलमध्ये दाभणं निघाली होती.

तिथून पुढं तेच चालू झालं. हिनं बुजवायचं, त्यांनी पाडायचं. भोक एका बोटाच्या अंतरावर सरकायचं, एवढाच फरक. नळ्यांना पट्ट्या इतक्या झाल्या, की हाडवैद्याकडून आल्यासारख्या दिसायला लागल्या. हवावाली वैतागली, चिडली, एकदा रडलीही, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, हे बरं झालं. घरी तर आणखी मजा. एक दिवसभर भोकं बुजवून आलेली, दुसरी पाडून आलेली, आणि दोघी एकाच परातीत कणीक मळायला.

"वन्सं, तुम्ही तरी घरच्या आहात."

"घरी घरची आहे. तिथं मागावरची आहे. मान एकच आहे मला, ती घरी काढून ठेवून जाऊ का?"

"सूनबाई परत गेली तर पुन्हा तो रेडा येईल. माझी सगळी बडबड फुकट जाईल. पुन्हा कोण ऐकेल माझं?"

"आता तरी कोण ऐकतंय?"

नवरा मधे म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. तू थोडं ऐक, ही थोडं ऐकेल."

दोघी एकदम त्याच्यावर उलटल्या. "तू गप रे!" आणि "तुम्ही मधे पडू नका!" तो ताट उचलून गच्चीवर गेला. चिमणीसमोर बसून जेवला. निदान ती बोलत तरी नव्हती.

हवावालीला एक गोष्ट मात्र पटलेली होती. वन्संची मान खोटी नव्हती आणि खात्यातली धगही खोटी नव्हती. नळीच्या भोकातून वारा घेणं म्हणजे उंदीर मारायला घर जाळणं. त्याच्या कितीतरी कमी विजेत साधा पंखा फिरतो. म्हणून ती बघूयासाहेबाकडं गेली.

"साहेब, खात्यात पंखे लावा. भोकं आपोआप बंद होतील."

"पंख्यानं लव उडते बाई. उडालेली लव टॉवेलात विणली जाते. मागं माल परत आला होता, विसरलात?"

ती विसरली नव्हती. साहेबाचं बोलणं चुकीचं नव्हतं. "मग मागांवर नको, मधल्या वाटेवर लावा. मोठ्या पात्यांचे, सावकाश फिरणारे."

साहेबानं खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्या केबिनला खिडकी होती. "बघूया."

"कधी बघूया, साहेब? ऊन डोक्यावर आलंय."

"असं करू. सूनबाईनं बचत दाखवली, की मी त्या जोरावर मालकांकडं पंखे मागतो."

"पंखे नाहीत तोवर बायका भोकं पाडणार. भोकं आहेत तोवर बचत दिसणार कशी?"

"म्हणून तर म्हणतो, आधी भोकं बंद करा."

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. हवावाली उठली. दाराशी पोचल्यावर साहेब मागून म्हणाला, "तुमचं चांगलं चाललंय हं. असंच चालू ठेवा." तिला वाटलं, परत फिरावं आणि याच्या खुर्चीचीच हवा काढावी.

पण डोकं तापलं की माणसाला युक्त्या सुचतात, आणि तापल्या डोक्याच्या युक्तीला धार असते, पण मूठ नसते. तिनं भांडारातून जाड नळ्या मागवल्या. आत तारेची जाळी विणलेल्या, दाभण काय, खिळाही शिरू नये अशा. साहेबानं त्या मात्र बघूया न म्हणता लगेच दिल्या. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिनं बाहेरचे दोन फिटर घेऊन खात्यातल्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या उतरवल्या आणि नव्या चढवल्या. तिच्या स्वतःच्या जुन्या मागावरची नळी उतरवताना वन्संनी पाडलेलं ते पहिलं भोक तिला बोटाला लागलं. तिनं नळी गुंडाळून ढिगावर फेकली.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गडबड झाली. दाभणं वाकली. एकीचं मोडून तिच्याच अंगठ्यात घुसलं. पण मागांना थांबता येत नाही, आणि माग चालवणाऱ्यांनाही. कामाची पाळी सुरू झाली. वन्सं पाळी सुटल्यावर तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या त्या दुसरी जागा नव्हती म्हणून. घरी वन्संनी पाण्याचा तांब्या घेतला आणि मानेवर ओतत बसल्या.

सूनबाई मात्र फुलली. मीटर असं घसरायला लागलं, की विकणाऱ्यांच्या माणसानं येऊन त्याचा फोटो काढला. हवावाली मनातल्या मनात वीजघराच्या चिमणीतला तेवढा धूर पुसून टाकायची. आणि त्याच आठवड्यात ऊन चढलं. डांबर रस्त्यावर वितळून चपलांना चिकटायला लागलं. पत्र्याच्या खोलीत हवावालीनं ओला पंचा डोक्यावर घेतला. तिची खोली मोकळी होती, दार उघडं होतं. हॉलचं दार बंद होतं.

एका दुपारी ती अशीच बसली असताना सूनबाईचा आवाज खाली आला. मग आणखी खाली. सुट्टीची वेळ नव्हती, माग चालूच असणार, आणि तरी आवाज उतरतच चालला होता. शेवटी एकदम झोपल्यासारखा झाला. हवावालीच्या अंगावर काटा आला. आनंदाचा. कुठंतरी एखादी मोठी गळती राहिली होती, ती कुणीतरी बंद केली असणार, असं तिला वाटलं. जिला बसच्या दारातली हवा कळते, पाहुण्यांचा कुकर कळतो, तिला या एवढ्या मोठ्या शांततेचा अर्थ उलटा लागला. ती उठली आणि हसऱ्या तोंडानं हॉलकडं निघाली, ही बातमी आधी वन्संना सांगायची, रागावलेल्या असल्या तरी.

दार ढकललं. आत सगळे माग बंद होते. एकही धागा हलत नव्हता. बायकांचा घोळका वन्संच्या मागाभोवती. सगळ्यांनी आपापले माग बंद करून धाव घेतली होती. म्हणून सूनबाईला काम उरलं नव्हतं. म्हणून ती झोपली होती.

वन्सं मागाच्या पायाशी कोसळल्या होत्या, डोकं लोखंडाला आपटलेलं, ओठ पांढरे. कुणीतरी फवाऱ्याचं पाणी ओंजळीत धरून त्यांच्या टाळूवर थापत होतं. घोळक्यानं हवावालीला वाट दिली, पण कुणी तिच्याकडं पाहिलं नाही. एवढी बायकांनी भरलेली जागा इतकी गप्प तिनं कधी पाहिली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

कारखान्याच्या नर्सनं त्यांना बाहेर सावलीत नेलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं, कपाळाला पट्टी बांधली. बऱ्याच वेळानं वन्संनी डोळे उघडले. समोर हवावाली.

"तुझी सून झोपली का गं?" त्यांनी विचारलं.

"झोपली."

"मीही जरा पडले मग."

 तेवढ्यात बघूयासाहेब आला. वन्संची विचारपूस केली, त्यांना सुट्टी दिली, नर्सला शाबासकी दिली आणि हवावालीला बाजूला घेऊन म्हणाला, "मीटर पाहिलंत का बाई? कमाल आहे! गिऱ्हाइकाला कळवायला हवं."

"साहेब, पंखे."

"हो हो, बघूया. एवढा उन्हाळा सरू द्या. बोलीची मुदत पुरी झाली, आकडा पक्का झाला, की मग."

"आणि तोवर आणखी कुणी पडलं?"

"तोवर जरा सांभाळून घ्या. पाणी प्यायला सांगा सगळ्यांना." आणि तो गेला. पाणी प्या. पिण्याचं पाणी गरम येतं, हे बघायचं त्याच्याकडं अजून बाकी होतं.

हवावाली पत्र्याच्या खोलीत आली. सूनबाई हळू आवाजात फिरत होती, माग पुन्हा चालू झाले होते. आणखी थोडे दिवस एवढंच करायचं होतं. काहीच करायचं नव्हतं खरं तर. नुसतं बसायचं होतं. मग यंत्र राहिलं असतं, कायमचं. रेडा भंगारात गेला असता. आयुष्यभर जे मागितलं ते हातात आलं होतं, आणि हात असा पोळत होता.

दुसऱ्या दिवशी वन्सं सुट्टी न घेता कामावर आल्या, कपाळावर पट्टी लावून. सकाळीच हवावाली पाना घेऊन हॉलमध्ये शिरली. वन्संच्या मागावरच्या नळीचा सांधा जिथं लोखंडी पट्टीनं आवळलेला होता, तिथं तिनं पाना लावला आणि थोडं सैल केलं. फुस्स करून वारा सुटला. तिनं नळी वळवून झोत नीट मानेवर आणला.

"हे काय चालवलंयस?" वन्सं म्हणाल्या.

"खिडकी उघडतेय."

"आणि तुझी सूनबाई?"

"जाईल माहेरी."

"डोकं फिरलंय का तुझं? मग एवढी शिड्या चढलीस, पट्ट्या लावल्यास, माझ्याशी भांडलीस, ते कशाला?"

"तुम्ही मरायला टेकलात म्हणून उघडतेय."

"मी मरते होय? माझ्या आधी तू जाशील अशा डोक्यानं." पण मान त्यांनी बाजूला घेतली नाही. डोळे मिटून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

हवावाली शिडी घेऊन पुढच्या मागाकडं गेली, मग त्याच्या पुढच्या. कुणी आभार मानले नाहीत. एकीनं फक्त म्हटलं, "माझी जरा डाव्या अंगाला कर गं." मागच्या खोलीतून सूनबाईचा आवाज चढत गेला, आणि हवावालीला तो शिडीवरूनही ऐकू येत होता, एकेका सांध्यागणिक.

साहेबानं बोलावून घेतलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात, म्हणाला. ती म्हणाली, पंखे द्या, आज बंद करते. तो म्हणाला, बघूया. ती म्हणाली, मग बघा.

उन्हाळा सरला. मीटर होतं तिथंच. सूनबाईला न्यायला ट्रक आला. खात्यातल्या बायका सुट्टीत दारात उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "आठ दिवस तरी गुण्यागोविंदानं नांदली बिचारी." दुसरी म्हणाली, "सासूच खाष्ट." नेहमीसारखं कुणी खदखदून हसलं नाही. कोपऱ्यातल्या रेड्यावरची ताडपत्री निघाली. त्याला तेल पाजलं, आणि तो पहिल्याच फटक्याला डुरकायला लागला. मधे काही घडलंच नाही असा.

पुढं ऐकाल तर हसावं की रडावं कळणार नाही. वन्संना आलेली घेरी कुठून तरी सरकारी तपासनिसाच्या कानावर गेली. तो पाहणीला येणार असं कळताच बघूयासाहेबानं पंखे बसवले. मधल्या वाटेवर, मोठ्या पात्यांचे, सावकाश फिरणारे. लव उडाली नाही. तोवर ऊन उतरलं होतं, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायला लागलं होतं. हवावाली पाना घेऊन सांधे आवळायला गेली, तर निम्मे वन्संनी आधीच आवळून ठेवलेले. बाकीचे बायकांनी शिडी धरून तिच्याकडून करून घेतले. आता खात्यात एक खिडकी उरली नाही. सूनबाईनं जशी मागितली होती तशी नळी न् नळी घट्ट. आणि सूनबाई नाही. रेड्याला काय, भोक असो नसो, तो तेवढंच खातो आणि तेवढंच डुरकतो.

हवावाली केबिनमध्ये गेली. "साहेब, आता आणा तो कॉम्प्रेसर. आता मीटर खाली येईलच. सगळं तयार आहे."

"अहो, एकदा परत केला ना. पुन्हा मालकांकडं कुठल्या तोंडानं जाऊ? गिऱ्हाइकाला पंख्यांचं कळवलंय, तूर्त तेवढं पुरे. बघूया पुढच्या वर्षी."

ती परत आली. जेवणाची सुट्टी झाली होती. डब्याचं झाकण उघडून ती बसली आणि समोर रेडा आपला चालूच, भस्सकन वर हवा सोडत, पुन्हा दाबत. तेवढ्यात दारात वन्सं आल्या, डबा घेऊन. या खोलीत त्या कधी जेवायला आल्या नव्हत्या. तिच्याशेजारी पिंपावर बसल्या. कपाळावरचा वण अजून लाल होता. रेड्याकडं बघत त्यांनी डबा उघडला.

मग ओरडून म्हणाल्या, कारण साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं, "माग तर बंद आहेत! हा कुणासाठी बोंबलतोय?"

"कुणासाठीच नाही!"

"मग बंद कर की!"

"बंद केला तर चालू व्हायला फार वेळ घेतो! आणि सुट्टी संपायच्या आत हवा भरत नाही!"

"म्हणजे रोज असाच? उगीच?"

"रोज! वर्षानुवर्षं! हेच सांगत होते मी!"

वन्सं चावायच्या थांबल्या. "हे सांगत होतीस? तू धुराचं सांगत होतीस, उन्हाचं सांगत होतीस! हे कुठं सांगितलंस? हे कोण मुकाट बघेल? निम्मं खातं घरी चुली फुंकून मोठं झालंय! जेवण झाल्यावर चूल जळत ठेवली तर सासूनं हात तोडला असता!"

 हवावालीला त्या क्षणी वन्संचाही राग आला, स्वतःचाही, रेड्याचा तर होताच.

वन्संनी डब्याचं झाकण लावलं. "चल."

"कुठं?"

"सगळ्यांना इथं घेऊन येते. डबे घेऊन. या खोलीत जेवायला बसवते आठवडाभर. आणि त्या तुझ्या साहेबालाही बोलावते."

"तो बघूया म्हणेल."

"म्हणू दे," वन्सं ओरडल्या. त्यांनी अंबाड्यातलं दाभण काढून पुन्हा घट्ट खोचलं. "पण इथं बसून म्हणायला लावू. याच्या शेजारी. ऐकू येतं का बघूया."